प्रिंट येत नाही? ड्रायव्हर उडवण्याआधी हे करून बघा

प्रिंटर चालेनासा झाला की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढा, पुन्हा टाका. त्यात तासभर जातो, कधी इंटरनेटवरून भलताच ड्रायव्हर उतरवला जातो, आणि शेवटी कळतं की वायरच सैल होती. माझ्या मते ड्रायव्हर हा शेवटच्या दोन-तीन संशयितांपैकी एक आहे, पहिला नाही.

प्रिंट कागदावर उतरेपर्यंत चार टप्पे पार करते: फाइल, विंडोज, वायर किंवा वायफाय, आणि मग खुद्द प्रिंटर. दोष यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवायचं आणि मगच उपायाला हात घालायचा. तपासणी मात्र उलटीकडून, म्हणजे प्रिंटरपासून फाइलीकडे करावी. कारण साधं आहे, प्रिंटरची एकट्याची परीक्षा दोन मिनिटांत होते.

कॉम्प्युटर बाजूला ठेवा

यूएसबीची वायर प्रिंटरमधून काढा. तुमचा प्रिंटर स्कॅनरवाला, म्हणजे ऑल-इन-वन असेल, तर काचेवर एखादं छापील पान ठेवा आणि प्रिंटरवरचंच कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स नीट निघाली तर शाई, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग), रोलर, कागद सगळं ठीक आहे. दोष वायरीत, विंडोजमध्ये किंवा फाइलीत आहे, आणि प्रिंटर उघडून बघण्याची गरज नाही. झेरॉक्स फिकट, पट्ट्यापट्ट्यांची किंवा कोरी आली तर कॉम्प्युटरला हात लावू नका. खाली शाईचा आणि टोनरचा, म्हणजे लेझर प्रिंटरच्या पुडीचा, भाग आहे, तिथे या. झेरॉक्स बिघडली तर दोष कधीकधी स्कॅनरच्या काचेचाही असतो, म्हणून एकदा काच पुसून पुन्हा काढा.

स्कॅनर नसलेल्या प्रिंटरवर स्वतःचं चाचणी-पान काढायची सोय असते. एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं किंवा ते दाबलेलं ठेवून प्रिंटर चालू करायचा, असा प्रकार असतो. नेमकं कुठलं बटण ते मॉडेलवर अवलंबून आहे, म्हणून प्रिंटरबरोबर आलेला घडीचा कागद फेकू नका.

पानच निघत नसेल आणि दिवे लुकलुकत असतील तर ते किती वेळा लुकलुकतात, कुठला रंग आणि कुठल्या चिन्हाशेजारचा दिवा, हे लिहून घ्या किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच खुणेवरून कारण सापडतं. दिवाच लागत नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. आणि लेझर प्रिंटर घरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. त्यातला फ्यूझर, म्हणजे टोनर वितळवून कागदावर चिकटवणारा तापणारा रोलर, तापताना एकदम मोठा करंट ओढतो. यूपीएस पीं-पीं करत बंद पडतो आणि चालू असलेला कॉम्प्युटरही घेऊन जातो. इंकजेटला, म्हणजे शाईवाल्या प्रिंटरला, ही अडचण नाही.

वायर आणि वायफाय

यूएसबीवाल्यांचं काम सोपं. वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा, मधला हब किंवा एक्स्टेन्शन काढून टाका, आणि वायर ५ मीटरपेक्षा लांब नको. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टांऐवजी मागच्या, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टात लावा.

इथे एक गंमत होते. वायर एका पोर्टातून काढून दुसऱ्यात लावली की विंडोजला कधीकधी तो नवाच प्रिंटर वाटतो. मग यादीत तेच नाव दोनदा दिसतं, दुसऱ्यापुढे ‘कॉपी १’ असं शेपूट. तुम्ही प्रिंट देता ती जुन्या नावाला, आणि जुनं नाव आता कशालाच जोडलेलं नसतं. यादीत जे नाव फिकट दिसतं ते काढून टाका, राहिलेल्याला डीफॉल्ट करा. एवढ्यावर सुटलेल्या तक्रारी मी भरपूर पाहिल्यात.

वायफायवाल्या प्रिंटरचं दुखणं जरा खोल असतं. पहिली चाचणी मोबाइलची. मोबाइल आणि प्रिंटर एकाच वायफायवर आहेत ना ते बघून मोबाइलवरून एक फोटो किंवा पीडीएफ छापा. मोबाइलवरून निघाली आणि कॉम्प्युटरवरून नाही, तर प्रिंटर आणि राउटर दोघंही निर्दोष. थेट विंडोजच्या भागाकडे जा. मोबाइललाही प्रिंटर दिसत नसेल तर राउटरकडे बघायचं.

घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळसे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचं नाही. फायबर कनेक्शनबरोबर येणारा राउटर बहुधा दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतो. त्यामुळे ‘कालपर्यंत चालत होता, नवा राउटर लावला आणि गेला’ ही तक्रार ऐकू येते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ला वेगळं नाव द्या आणि प्रिंटर त्याला जोडा. मोबाइल-लॅपटॉप ५वर राहिले तरी चालतात, कारण राउटर आतून एकच असतो. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए३’ एवढाच ठेवला असेल तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. तिथे डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण निवडा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर ठेवू नका, त्या नेटवर्कवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: प्रिंटर चालू आहे, वायफायचा दिवा स्थिर आहे, आणि कॉम्प्युटर मात्र ‘ऑफलाइन’ म्हणतो. वीज जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते नव्याने वाटतो. प्रिंटरला वेगळा पत्ता मिळाला, पण विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. कायमचा इलाज दोन भागांत आहे. राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते, तिथे प्रिंटरला एक पत्ता राखून ठेवा. मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ या टॅबवर जा. तिथे टिक केलेल्या पोर्टाचं नाव ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होत असेल, तर ‘अ‍ॅड पोर्ट’ करून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि राखून ठेवलेला पत्ता टाका. पत्ता कुठला हे प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा त्याच्याच नेटवर्क-पानावर छापून मिळतं. डब्ल्यूएसडीचा पोर्ट विंडोज स्वतःच शोधून जोडतं, सोयीचा आहे, पण माझा त्याच्यावर भरवसा नाही.

विंडोजमधली अडगळ

विंडोज ११मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’. विंडोज १०मध्ये पहिल्या टप्प्यानंतर नुसतं ‘डिव्हायसेस’. या पानावर आधी एक गोष्ट बंद करा: ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’. ती चालू असली की तुम्ही शेवटी ज्याला प्रिंट दिली तोच डीफॉल्ट होतो. एकदा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’वर काही काढलं की पुढची प्रिंट कागदावर न येता ‘फाइल कुठे सेव्ह करू’ म्हणून विचारते, आणि घरातले म्हणतात प्रिंटर बिघडला. ते बंद करून तुमचा खरा प्रिंटर डीफॉल्ट करा.

मग प्रिंटरच्या नावावर क्लिक करून ‘ओपन प्रिंट क्यू’ म्हणजे रांग उघडा. विंडोज १०मध्ये त्या खिडकीच्या ‘प्रिंटर’ मेनूत ‘पॉझ प्रिंटिंग’ किंवा ‘यूझ प्रिंटर ऑफलाइन’ यापुढे टिक दिसली तर काढा. रांगेत जुनी कामं असतील तर ‘कॅन्सल’ करा. आणि इथेच ती अडते: काम ‘डिलीटिंग’ म्हणतं आणि तासभर तसंच राहतं. मागची सगळी कामं त्याच्यामागे अडकतात, प्रिंटर बंद-चालू करूनही हटत नाहीत.

ही रांग ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा सांभाळते. प्रत्येक कामाच्या दोन फाइली ती हार्ड डिस्कवर ठेवते, एक मजकुराची, एक त्या कामाच्या माहितीची. त्या हाताने काढल्या की रांग मोकळी होते. क्रम मोडू नका:

१. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा.

२. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ टाइप करा, दातेरी चाकाच्या चिन्हाचं अ‍ॅप उघडेल. लांबलचक यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, राइट क्लिक करून ‘स्टॉप’ म्हणा. ही खिडकी बंद करू नका.

३. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडा. त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘स्पूल’, आणि त्यात ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर. परवानगी नाही असं म्हणेल, ‘कंटिन्यू’ दाबा.

४. या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा. फोल्डर पुसायचा नाही, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला हात लावायचा नाही. फाइल पुसली जात नसेल तर स्पूलर अजून चालू आहे.

५. सर्व्हिसेसच्या खिडकीत परत जाऊन ‘स्टार्ट’ करा, प्रिंटर चालू करा.

६. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ती छापा. थेट ती चाळीस पानांची पीडीएफ पुन्हा देऊ नका; कदाचित तिच्यामुळेच रांग तुंबली होती.

नोटपॅडची ओळ छापली गेली म्हणजे विंडोजपासून कागदापर्यंतचा रस्ता मोकळा आहे. पुढे वर्ड किंवा ब्राउझरमधून येत नसेल तर दोष फाइलीत किंवा त्या प्रोग्रॅममध्ये.

नोटपॅडमधूनही आलं नाही, तर आता ड्रायव्हरची पाळी. यादीतून ‘रिमूव्ह’ केलं म्हणजे ड्रायव्हर गेला असं नाही, ते फक्त नाव जातं. पुन्हा जोडताना विंडोज तोच जुना ड्रायव्हर उचलतं. म्हणून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जाऊन ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ निवडा. वायर काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा आणि तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर घ्या, आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच वायर लावा.

जुना प्रिंटर नव्या लॅपटॉपवर मुळीच जुळत नसेल तर आणखी एक जागा बघायची. २०२४मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ असा एक पर्याय प्रिंटर्सच्याच पानावर आहे. तो चालू केला की कंपन्यांचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत, फक्त ‘मोप्रिया’ या सामाईक छपाई-मानकाचे प्रमाणित प्रिंटर चालतात. सुरक्षेसाठी चांगला आहे, पण दहा वर्षांपूर्वीचा लेझर वापरत असाल तर बंदच ठेवावा लागेल.

मॅकवर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टिम’ येतं. सगळे प्रिंटर पुसले जातात, पुन्हा जोडावे लागतात, पण वरची बरीचशी कसरत वाचते.

फाइलीतच खोट असेल तर

मराठीत छापणाऱ्यांना ही खोट वारंवार भेटते. सोसायटीची नोटीस घरी नीट दिसते, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून छापली की चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख हे जुने फाँट यूनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-कोडांचे, नाहीत. त्यांत अक्षराचा साठवलेला कोड इंग्रजी अक्षराचाच असतो, फाँट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर ‘मराठी’ राहतच नाही. प्रिंटरला दोष देऊन उपयोग नाही. जिथे फाइल बनवली तिथूनच पीडीएफ करून न्या. पीडीएफमध्ये फाँट आत भरले जातात.

यूनिकोडमध्येही एक फट आहे. ‘मंगल’ आणि ‘अपराजिता’ हे फाँट विंडोज १०पासून आपोआप बसतीलच असं नाही. जुनी फाइल उघडल्यावर मजकूर ‘निर्मला यूआय’मध्ये दिसतो, ओळी सरकतात, एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ टाकले की फाइल पूर्वीसारखी बसते.

पीडीएफ पडद्यावर ठीक आणि कागदावर जोडाक्षरं तुटलेली, असं झालं तर ती ब्राउझरमध्ये न उघडता अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. प्रिंटच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर टिक करा. छपाई जरा सावकाश होते, पण पडद्यावर दिसतं तेच कागदावर येतं, कारण प्रिंटरकडे अक्षरं जातच नाहीत, चित्र जातं.

पानाची खालची ओळ कापली जाते किंवा कागद असूनही प्रिंटर कागद मागतो, तेव्हा कागदाचा आकार बघा. अमेरिकी सवयीचे प्रोग्रॅम ‘लेटर’ धरून चालतात. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. फाइलीत, ड्रायव्हरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये, तिन्ही ठिकाणी ए४च हवा. प्रतिज्ञापत्र किंवा स्टॅम्प पेपरवर छापायचं तर लीगल, २१६ बाय ३५६. स्टॅम्प पेपर वाया घालवण्याआधी साध्या लीगल कागदावर एक प्रत काढून, ती स्टॅम्प पेपरवर ठेवून उजेडात धरा. मजकूर कुठून सुरू होतो ते दिसतं.

ई-आधार छापल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आलं म्हणून प्रिंटर दुरुस्तीला आणणारे लोक आहेत. ते प्रश्नचिन्ह डिजिटल सहीची पडताळणी झाली नाही म्हणून असतं. फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, प्रश्नचिन्हावर राइट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मधून सहीचं सर्टिफिकेट बघा आणि ते विश्वासू यादीत घाला. हिरवी खूण आली की मग छापा. सर्टिफिकेटवरचं नाव न वाचता विश्वास टाकायचा नाही, एवढं मात्र सांभाळा.

शाईवाला प्रिंटर: बटणाने बंद करा

इंकटँक, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाकीचे, प्रिंटर आल्यापासून शाई स्वस्त झाली, पण हेड तितकंच नाजूक राहिलं. हेडला केसाहून बारीक शेकडो भोकं असतात. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि भोकं झाकली जातात. आपल्याकडे सवय काय, तर काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद. हेड मध्येच उघडं राहतं, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शाई वाळायला वेळ लागत नाही. आधी प्रिंटरचं बटण, त्याची खडखड थांबून दिवा विझला की मगच भिंतीवरचा स्विच. आणि आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेलं एक पान छापा. तेवढंही होत नसेल, महिन्याला चार काळी पानं लागत असतील, तर खरं सांगतो, तुम्हाला इंकजेट नको, साधा लेझर हवा.

प्रिंट बिघडली की हेड क्लीनिंग आंधळेपणाने करू नका. आधी ‘नोझल चेक’ छापा. पायऱ्यांसारख्या बारीक रेषांचा नमुना येतो, प्रत्येक रंगाचा वेगळा. रेषा अखंड असतील तर हेड स्वच्छ आहे. प्रिंट तरी वाईट येत असेल तर कागदाचा प्रकार, ‘ड्राफ्ट’ दर्जा किंवा अलाइनमेंट, म्हणजे हेडच्या रेषा नीट जुळतात का ते, तपासा. उभ्या रेषा दुहेरी दिसणं हे अलाइनमेंटचं लक्षण. रेषा मध्येच तुटलेल्या असतील तर ती भोकं बंद आहेत, तेव्हा एकदा क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. फरक पडतोय तर आणखी एकदा. दोनतीनदा करूनही तिथेच असेल तर थांबा. प्रिंटर बंद करून रात्रभर, निदान बारा तास, तसाच ठेवा आणि सकाळी नोझल चेक काढा. वाळलेली शाई सुटायला आणि नळीतले बुडबुडे बसायला वेळ लागतो. क्लीनिंगवर क्लीनिंग केल्याने टाकी रिकामी होते, बाकी काही नाही.

ती शाई जाते कुठे? प्रिंटरच्या पोटात स्पंजासारखं एक पॅड असतं, त्यात. प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो आणि भरलं असं वाटलं की छपाई थांबवतो. एप्सनच्या इंकटँकवर ‘इंक पॅडचं आयुष्य संपलं’ असा संदेश येतो, कॅननच्या जी मालिकेत ‘५बी००’ हा कोड. इंटरनेटवर काउंटर शून्य करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांत व्हायरस असण्याची शक्यता दांडगी. दुसरं म्हणजे काउंटर शून्य केला तरी पॅड ओलंच राहतं, आणि एक दिवस टेबलावर शाईचं तळं होतं. पॅड बदलून मग काउंटर. बऱ्याच नव्या मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे वाया शाईची डबी, असतो, तो घरच्या घरी बदलता येतो. घेताना हे जरूर विचारा.

एखादा रंग अजिबात येत नाही, नोझल चेकमध्ये तो पट्टाच कोरा, तर टाकीत शाईची पातळी खालच्या खुणेच्या खाली गेलीय का बघा. टॉर्च मागून धरला की पातळी स्पष्ट दिसते. एप्सनच्या जुन्या एल मालिकेत वाहतुकीसाठी एक गोल खुंटी असते. घर बदलताना ती बंद केली आणि उघडायची राहिली, तर शाई हेडपर्यंत येतच नाही. शाईच्या बाटलीवरचा नंबरही वाचा. ६६४ आणि ००३ दोन्ही एप्सनच्याच, पण वेगवेगळ्या मॉडेलांसाठी. दुकानदार ‘चालते हो’ म्हणाला तरी घेऊ नका.

कार्ट्रिजवाल्या छोट्या एचपी प्रिंटरांत हेड कार्ट्रिजवरच असतं. कार्ट्रिज काढून त्याचा तांब्याचा भाग न चोळता, खालचा छपाईचा पट्टा कोमट पाण्याने ओलसर केलेल्या टिश्यूवर अलगद टेकवा. टिश्यूवर तिन्ही रंगांचे डाग उमटले की शाई सुटली. आणि रात्री अकराला काळं कार्ट्रिज मेलं, सकाळी हॉल तिकीट हवंय, अशा वेळी ते कार्ट्रिज काढून झाकण लावा. यांतले बरेच प्रिंटर मग उरलेल्या एका कार्ट्रिजवर छापतात. रंगांतून बनलेलं काळं जरा तपकिरी दिसतं, पण वाचता येतं. ती प्रत पावसात मात्र भिजू देऊ नका, अशी शाई पाण्यात पसरते. लेझरची पसरत नाही.

लेझर: डाग मोजून बघा

कॅनन एलबीपी २९००, एचपी १०२०, एम१००५ हे प्रिंटर आपल्याकडच्या घरांत आणि दुकानांत वर्षानुवर्षं ठाण मांडून आहेत, आणि तिघांचं टोनर कार्ट्रिज एकाच घरातलं, बाजारात ‘१२ए’ म्हणून मिळणारं. त्यात टोनरची पूड आणि ड्रम दोन्ही एकत्र असतात. त्यामुळे कार्ट्रिज बदललं की छपाईचे बरेचसे दोष जातात, हा यांचा मोठा फायदा.

पान मधूनच फिकट आलं तर कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरून डावी-उजवीकडे पाचसहा वेळा हलवा. थोडी पानं निघतील. मग रिफिल करा. पानभर करडी झाक आली तर रिफिलची पूड हलकी आहे. वरपासून खालपर्यंत एकच काळी उभी रेघ हा ड्रमवरचा ओरखडा किंवा ड्रम पुसणारी पट्टी खराब. अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर टोनर वितळत नाहीय: एक तर कागद जाड आणि सेटिंग साध्या कागदाचं, नाहीतर फ्यूझर गेला.

एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टी घेऊन दोन डागांमधलं अंतर मोजा. एक रोलर एक फेरा पूर्ण करतो तेव्हा तो डाग पुन्हा उमटतो, म्हणून अंतर म्हणजेच त्या रोलरचा परीघ. १२एच्या ड्रमचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर आहे. अंतर तेवढंच भरलं तर रिफिलवाल्याला ‘ड्रम बदला’ एवढंच सांगा. वेगळं भरलं तर नुसता ड्रम बदलायला पैसे देऊ नका.

टोनर सांडला तर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, पूड इतकी बारीक असते की फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडते. कोरड्या कापडाने टिपा. कपड्यांवर पडला तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो चिकटतो.

कागद अडकला

कागद अडकला की प्रिंटर बंद करून प्लग काढा. लेझर असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आतला फ्यूझर भाजतो. कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, सावकाश ओढा. मागचं झाकणही उघडून बघा. बाहेर आलेले तुकडे जुळवून पान पूर्ण होतंय का पाहा. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी ‘पेपर जॅम’ जात नाही. कागदच नसताना जॅम दाखवत असेल तर मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारा. स्टेपलरची पिन, खडूचा तुकडा, मुलांची पेन्सिल आणि अधूनमधून पालही निघते.

कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये जॅम वाढतात त्याचं कारण कागद. उघडा पडलेला गठ्ठा दमट हवा पितो, लुळा होतो, एकावेळी दोन-तीन पानं ओढली जातात. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवा, बाकीचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. कागद ७५ ते ८० जीएसएमचा बरा. कागद उचललाच जात नसेल, नुसती घरघर येते, तर पिकअप रोलरचं रबर गुळगुळीत झालंय. किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते फिरवत पुसा आणि वाळू द्या.

दुरुस्तीला नेण्याआधी

सर्च करून सापडलेल्या ‘प्रिंटर हेल्पलाइन’ नंबरांवर फोन करू नका. कंपनीचं नाव घेणाऱ्या बनावट जाहिराती त्यांत असतात. पलीकडचा माणूस स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, ‘ड्रायव्हर एक्स्पायर झालाय’ म्हणतो आणि पैसे मागतो. ड्रायव्हर एक्स्पायर होत नसतो. नंबर हवा तर खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या साइटवरचा घ्या.

इंकटँकचं हेड बदलायचं निघालं तर आधी अंदाजपत्रक मागा. त्याची किंमत कधीकधी नव्या प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाते. वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका आणि दुसरी शाई भरली असेल तर तेही लपवू नका, त्यांना टाकी पाहून कळतंच.

नेताना बिघडलेली प्रिंट आणि नोझल चेकचं पान बरोबर घ्या, पॉवर केबल आणि यूएसबीची वायरही. इंकटँक असेल तर टाक्यांची झाकणं घट्ट लावा, वाहतुकीची खुंटी असेल तर बंद करा, आणि रिक्षात प्रिंटर मांडीवर आडवाच धरा. तिरका झाला की टाकीतली शाई नळ्यांतून पॅडवर उतरते, आणि दुकानात पोचेपर्यंत एका दोषाचे दोन झालेले असतात.